त्रेपन्नावा आठवडा

माझ्या धाकट्या भावाला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी बसेल तर शपथ! दात घासताना घरभर हिंडतो, फोनवर बोलताना जिना चढतो-उतरतो. बायकोशी फारकत झाल्यापासून तो माझ्याकडे राहतो आणि माझ्या शिलाई मशीनभोवती घिरट्या घालतो. कापड अंथरलेलं असलं तरी त्यावरून चालत जातो मेला.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तो ड्यूट्या लावायचा प्रोग्राम लिहितो. काम काय, तर परत परत येणाऱ्या वेळा बांधायच्या. "ताई, तारखा लिहीत बसायचं नाही," तो सांगतो, "नियम लिहायचा. एक आठवडा सोडून, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ. सुट्टी, आजारपण हे अपवाद वेगळे ठेवायचे. एकदा बसवलं की जन्माचा घोर मिटला." मेकॅनिकच्या दोन टोळ्या. आठवड्याला नंबर असतो म्हणे. विषम नंबर आला की पहिली टोळी, सम आला की दुसरी. पहिल्या टोळीबरोबर हासुद्धा घरी फोन उशाशी घेऊन बसायचा. हाक आली की धावायचं.

त्याची पोरगी चिंगी, दुसरीतली, ड्यूटी नसेल त्या शुक्रवारी आमच्याकडे यायची. मध्यंतरी हा एकदा तिला आणायला विसरला. तेव्हा भावजयीनं ठणकावून सांगितलं होतं, "परत असं झालं तर महिन्यातून एकदाच. पोर दाराकडे बघत बसते, ते मला बघवत नाही." घटस्फोट त्यांचा झालाय, माझ्या लेखी ती भावजयच, आणि तिचं चुकलं असं मला तरी म्हणवेना.

नवं वर्ष लागलं, त्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळपासून याचा फोन थांबेना. पहिल्या टोळीतली माणसं वैतागली होती.

"साहेब, मागच्या आठवड्यातही आम्हीच होतो. दुसऱ्या टोळीला काय सासुरवाडी लागलीये?"

"सिस्टिममध्ये तुमचंच नाव आहे," हा खिडकी ते दार, दार ते खिडकी. "सिस्टिम चुकत नाही हो. तुमचा काहीतरी गोंधळ होतोय."

मी कात्री खाली ठेवली. "अरे, पण मागच्या शनिवारीही तू असाच येरझारा घालत होतास ना? माझं अस्तर तुडवलंस, मला चांगलं आठवतंय."

"वर्ष बदलताना गडबड असतेच, ताई."

लक्षात ठेवायचं काम मशीनला दिलं की माणसाला स्वतःचे दिवसही आठवेनासे होतात. मला राग आला, पण गिऱ्हाइकाचा ब्लाउज दुपारी द्यायचा होता. परत मशीनवर बसले.

जेवायच्या वेळेला माझा फोन वाजला. चिंगी होती.

"आत्या, बाबा कालचा निघालाय का?"

मी उठले. फोन तसाच त्याच्या कानाला लावला. पोरगी काय बोलली कोण जाणे, भिंगरी पहिल्यांदाच जागच्या जागी उभी राहिली. मग त्यानं लॅपटॉप उघडला, बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं सांगशील का?"

"वर्षात आठवडे बावन्न असतात, सम-विषम जोडी बरोबर बसते. पण काही वर्षांना त्रेपन्नावा निघतो. मागचा तो होता. त्रेपन्न विषम, आणि नव्या वर्षाचा पहिला, तोही विषम. मी एक ठरावीक तारीख धरून तिथून चौदा-चौदा दिवस मोजायला हवे होते. मी नुसता नंबर बघत राहिलो."

"मेकॅनिक सकाळपासून तेच तर बोंबलत होते!"

"हो गं बाई, हो."

त्यानं दुसऱ्या टोळीच्या मुकादमाला फोन लावला, माफी मागितली, ड्यूट्या बदलून घेतल्या. मग आम्ही रिक्षा केली. ब्लाउज गेला खड्ड्यात. रस्ताभर हा पुटपुटत होता. भावजयीला काय सांगायचं त्याची तालीम चालली होती. त्रेपन्नावा आठवडा, क्वचित घडणारी गोष्ट, कुणाच्याही हातून होईल.

"आणि पोरीचे आठवडे कुठे लिहिले होतेस?" मी सहज विचारलं.

तालीम तिथेच थांबली. 

दार भावजयीनं उघडलं. चेहरा असा, की मीच दोन पावलं मागे सरले.

"बोल. ड्यूटी होती ना?"

"नव्हती. मीच चुकीची लावली." तो दारातच उभा होता. "आणि खरं सांगू? प्रोग्राममध्ये चिंगीची नोंदच नव्हती. टोळ्यांच्या वेळा होत्या, सुट्ट्या होत्या, लिफ्ट तपासायचे दिवससुद्धा होते. ड्यूटी नसेल ते उरलेले आठवडे तिचे, एवढंच मी धरलं होतं."

भावजय भांडायच्या तयारीत होती, ते मला दिसत होतं. पण हे ऐकून ती दारातून बाजूला सरकली.  माझा भाऊ वाईट नाही हो. पण त्या क्षणी त्याच्या कानाखाली एक द्यावी आणि मग त्याला पोटाशी धरावं, असं दोन्ही एकदम वाटलं.

"उद्या सहाला परत आण," ती शेवटी म्हणाली. "आणि महिन्यातून एकदाचं मी विसरलेले नाही. पुढचं आपण बसून बोलू."

तो मान हलवून आत वळला, पोरीची तयारी करायला. चपला काढू लागला.

"आत कुठे निघालास?" भावजय म्हणाली. "तिची बॅग तुझ्या पायाशीच आहे. कालपासून."