रेडिओची पिन

ट्रान्झिस्टरच्या तापलेल्या कातडी कव्हराचा वास आला, की राजूरच्या सासुरवाडीत मी पाजळलेली अक्कल आठवते. त्या संध्याकाळी रेडिओवर पहिल्यांदाच माझ्या बायकोचं गाणं लागणार होतं आणि सारी गल्ली अंगणात जमली होती. अडचण सासऱ्यांची, म्हणजे आबांची होती. त्यांच्या खिशातल्या कानाच्या मशीनचा आवाज वाढवला की नुसती शिट्टी वाजायची, आणि गाणं काही पुन्हा लागणार नव्हतं. निवेदिकेनं बायकोचं नाव घेतलं, तसं मी ते मशीन काढलं, कव्हरात कोरी पडलेली इअरफोनची वायर त्यांच्या कानात घातली आणि पिन रेडिओत खोचली. अंगणातला आवाज एकदम बंद! पिन लावली की बाकीच्यांना ऐकू येत नाही, हे मला कुठं माहीत? “जावयानं रेडिओ मारला!” कुणीतरी ओरडलं. “जावईबापू, जल्दी काढा ती पिन, गाणं चाल्लं की!” सासूबाई रडकुंडीला आल्या. पिन उपटायला हात घातला, तर सासरे डोळे मिटून मांडीवर ठेका धरत होते. माझा हात तिथंच राहिला, आणि गाणं संपेपर्यंत मी गल्लीची बोलणी खाल्ली. नंतर चुलीपाशी जाऊन बायकोची माफी मागायला लागलो, तर ती म्हणाली, “गल्ली मला लहानपणापासून ऐकून राह्यली. आबांनी आज पयल्यांदा ऐकलं.”