राग्नाची आई कुठे गेली

आस्लाउगनं तीस वर्षं गावच्या पोस्टात काढली. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या आमच्या खाडीच्या, या काठापासून त्या काठापर्यंत कुणाचं पत्र कुठल्या शेतावर टाकायचं, तिला झोपेतून उठवून विचारा. पण खुद्द तिच्या आईला जे एक पत्र हवं होतं, ते काही तिच्या हातून कधी पोचलं नाही.

आई म्हणजे राग्ना. तान्ही असताना तिला हाउगेन शेतावरच्या माणसांनी वाढवायला घेतलं. बाप कोण ते कुणी बोललं नाही, नि आईबद्दल एवढंच सांगितलं, "अमेरिकेला गेली, तुला टाकून." झालं! पोरीनं ते मनात धरलं ते धरलंच. लग्न झालं, सहा मुलं झाली, नवरा बोटीसकट बुडाला, तरी पोस्टाच्या खिडकीशी येऊन ती लेकीला विचारायचीच, "अमेरिकेचं काही?" रांगेतले लोक हसायचे. आस्लाउगला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नव्वदी गाठून म्हातारी वृद्धाश्रमात गेली, तेव्हा एक दिवस म्हणाली, "आता पत्र नको. मला टाकून ती सुखी तरी झाली का, तेवढं शोध. मग मी मरायला मोकळी."

"मरायची कसली घाई आहे गं तुला?"

"मला नाही. त्या पाद्र्याला आहे. येतो तो नाडी बघितल्यासारखा हातच धरून बसतो मेला."

आस्लाउग शहरात जाऊन चर्चची जुनी दप्तरं बघू लागली. राग्नाचा बाप्तिस्मा लगेच सापडला. आई गुनहिल्ड मेलांड, मोलकरीण, लग्न नाही. नि तिथून पुढे बाई गायब. अमेरिकेला जाणाऱ्या जहाजांच्या याद्यांत नाही, लग्नांत नाही, कुठ्ठे नाही. दोन हिवाळे आस्लाउगनं डोळे फोडून घेतले.

आता चूक कुठे झाली ऐका. आमच्याकडे पूर्वी माणूस ज्या शेतावर राहील त्या शेताचं नाव लावायचा; शेत बदललं की नावही बदललं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक, आस्लाउगला तर पक्कं. म्हणून तिनं साऱ्या तालुक्यातल्या गुनहिल्ड धुंडाळल्या. पण हाउगेन नाव आलं की पान उलटायची. ते तर आपलेच, त्यांच्यात काय बघायचं? काखेत कळसा नि गावाला वळसा!

एका दुपारी कंटाळून तिनं तेही पान वाचलं. मृत्यू, मार्च १८९८. गुनहिल्ड हाउगेन, जन्म मेलांडचा, वय सत्तावीस, छातीचा रोग, घरफिरती.

घरफिरती म्हणजे ज्यांना काम झेपत नाही नि ज्यांचं कुणी नाही, अशी माणसं. गाव त्यांना आळीपाळीनं शेताशेतावर पोसायचं. थोडे आठवडे या घरी, थोडे त्या घरी. दाराजवळ बसून जेवायचं, गोठ्यावरच्या माळ्यावर निजायचं. ज्या घरी मरण येईल त्या घराचं नाव.

कसली अमेरिका नि कसलं काय! बाईनं फ्योर्डसुद्धा ओलांडला नव्हता. राग्ना सात वर्षांची होईपर्यंत, हाउगेनची पाळी आली की ती त्याच घरात, लेकीच्या समोर येऊन बसत होती. थोरांना सगळं माहीत असणार. पण घरफिरतीची पोर म्हटली की उद्या तिच्याही कपाळी दारोदार फिरणं आलं. म्हणून सगळे गप्प राहिले. ती आईसुद्धा. आस्लाउग संडासात जाऊन ढसाढसा रडली.

परतीच्या बोटीत तिनं एक छानसं खोटं रचलं. मिनेसोटात सुतार नवरा मिळाला, पोटभर खाल्लं, सुखानं मेली. पण म्हातारीनं कॉफीचा कप खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं मात्र, नि ते खोटं तिच्यानं सांगवेना. तीस वर्षांत चुकीचं पत्र कुणाला दिलं नव्हतं तिनं. सगळं खरं सांगून टाकलं.

राग्नानं कप दूर सारला. मग म्हणाली, "ती खोकायची ती? तपकिरी शालवाली?"

"मला कसं ठाऊक असणार, आई?"

"तीच गं. सारखी माझी वेणी घालायला बघायची. मी किंचाळायचे. घाणेरडी आहेस, हात लावू नकोस म्हणायचे. थोरली मंडळी हसायची, मग मला आणखी चेव यायचा." म्हातारीनं आपल्या मनगटावर बोट ठेवलं. "एकदा कडकडून चावले तिच्या हाताला. रक्त आलं."

"आई, तू लहान होतीस. तुला काय कळणार?"

"तिनं हात मागे घेतला नाही, आस्लाउग. मी दात रोवलेत, नि ती बाई दुसऱ्या हातानं माझे केस कुरवाळतेय. तेवढ्यात तरी हात लावायला मिळाला तिला."