कुलूपबाई आणि मुकी फाईल

कार्यालयात त्यांना सगळे कुलूपबाई म्हणत आणि त्यांना त्याचं मुळीच वाईट वाटत नसे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोपनीय फाईलला कुलूप लावणं हे त्यांचं काम. फाईल कुणी उघडायची, कुणी छापायची, कुणाला त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवू द्यायचा नाही, हे सगळं त्या ठरवायच्या. तीस वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून लागल्या तेव्हा कार्बन पेपरने बोटं काळी व्हायची. पुढे संगणक आले, बरोबरीच्यांनी हात टेकले आणि या मात्र जाडजूड माहितीपुस्तिका घरी नेऊन रजेच्या दिवशी वाचत बसल्या. नवरा म्हणायचा, "उद्या साखरेच्या डब्यालाही पासवर्ड लावशील."

"लावेन की! तुमची शुगर बघता लावायलाच हवा."

बाईंना एक खोड होती. लोकांनी टाकून दिलेले फोन आणि जुने संगणक त्यांनी स्टोअररूमच्या फळीवर मांडून ठेवले होते. एकूण सात. प्रत्येकावर फाईल वाचायचं वेगळं सॉफ्टवेअर, कुठलं कालपरवाचं तर कुठलं अगदी बाबा आदमच्या जमान्यातलं. सातही ठिकाणी उघडल्याशिवाय फाईल कार्यालयाबाहेर जात नसे. शिपाई त्या फळीला भंगारबाजार म्हणायचा, म्हणू दे. बाईंची फाईल उघडत नाही अशी तक्रार आजवर आली नव्हती, आणि ही गोष्ट दिवसातून एकदा तरी कुणाला ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

पहिली तक्रार आली ती नेमकी खात्याच्या बढती परीक्षेच्या सकाळी. पेपर दुपारी दोनला, संगणकावर सोडवायचा. खऱ्या पेपरला लावायचं तेच कुलूप लावून एक नमुना फाईल सगळ्या उमेदवारांना पाठवली होती. दहा वाजता टेलिफोन ऑपरेटरचा फोन आला.

"ताई, तुमची फाईल मुकी आहे."

ऑपरेटर जन्मापासून आंधळे. त्यांच्या संगणकातलं बोलणारं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर त्यांना वाचून दाखवायचं, तेही इतक्या भरधाव की दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळू नये. पुढच्या वर्षी त्यांची वयोमर्यादा संपत होती, म्हणजे ही शेवटची परीक्षा. याआधी दोनदा त्यांना वाचून दाखवायला माणूस दिला होता. पहिला प्रत्येक प्रश्नाला उसासे टाकत होता. दुसऱ्याने एक मोठा उतारा अर्ध्यातच सोडला, वर म्हणाला, "हे काही तुम्हाला जमायचं नाही." ऑपरेटर दोन गुणांनी राहिले.

परीक्षेच्या साहेबांनी या वेळीही वाचक बोलावून ठेवला होता. "दीडपर्यंत जमलं तर ठीक," ते म्हणाले. "आणि कुलूप काढायचं नाव काढू नका. मागे एकदा कुलूप नसताना मजकूर उचलून पेपर अर्ध्या तासात गावभर झाला होता."

"कुलूपही राहील आणि ऑपरेटरदादा स्वतः पेपरही वाचतील," बाई छातीठोकपणे म्हणाल्या आणि ऑपरेटरच्या खोलीत जाऊन बसल्या.

चूक आपली असेल हे त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांनी आधी त्या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरवरच संशय घेतला. ऑपरेटरनी दुसरी एक फाईल उघडली, तर ती घडाघडा बोलायला लागली. मग बाईंनी नमुना फाईलचं कुलूप काढून पाहिलं. तीही बोलली. आता पळवाट उरली नाही.

"माझंच कुलूप," त्या म्हणाल्या.

जुन्यातल्या जुन्या यंत्रावरही फाईल उघडावी म्हणून बाई नेहमी सगळ्यात जुन्या पद्धतीचं कुलूप निवडायच्या. त्या पद्धतीत मजकूर उचलायला बंदी घातली की वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तोंड बंद. दोन्हींना मिळून एकच बटण. सात यंत्रं त्यांनी डोळ्यांत तेल घालून तपासली होती, पण कान लावून एकदाही नाही. बाईंना मनापासून लाज वाटली.

लाजत बसायला वेळ नव्हता. त्यांनी सगळ्यात नवं कुलूप लावलं. त्यात वाचून दाखवायची परवानगी वेगळी देता येत होती. पण ऑपरेटरचं सॉफ्टवेअर पडलं जुनं. 'फाईल उघडता येत नाही,' एवढंच बोलून ते गप्प झालं.

"दादा, नवं सॉफ्टवेअर टाकून देऊ?"

"ताई, माझ्या बोटांना याची बटणं पाठ आहेत. आता नवं शिकू की पेपर सोडवू?"

बरोबरच होतं. बाईंनी कुलपांची यादी उघडली आणि वरून एकेक पायरी खाली यायला लागल्या. दुसरं कुलूप, पुन्हा नकार. तिसरं लावलं आणि फाईल उघडून भडाभडा बोलू लागली. बाईंनी स्वतः मजकूर उचलून पाहिला, उचलला जाईना. त्या तशाच फळीकडे धावल्या. सहा यंत्रांनी फाईल उघडली. सातवं, सगळ्यात म्हातारं, हटून बसलं.

तसला संगणक एकाच शाखेत होता. बाईंनी तिथल्या कारकुनाला फोन लावला.

"तो? तो तर तीन वर्षांपूर्वीच मोडीत काढला, बाई."

बाईंनी फोन ठेवला. जे यंत्र आता जगात नाही, त्याची गैरसोय नको म्हणून त्या तीन वर्षं एका जित्याजागत्या माणसाला दाराबाहेर ठेवत होत्या. त्यांनी सातव्या यंत्राची वायर उपटली, पेपरला तिसरं कुलूप लावलं आणि सव्वा वाजता साहेबांना कळवलं.

दोन वाजता पेपर आला. ऑपरेटरनी हेडफोन लावले. साहेबांनी खूण केली तसा वाचक उठून गेला, त्याच्यामागून साहेबही. बाई मात्र खुर्चीमागे उभ्याच. ऑपरेटरची बोटं बटणांवर भराभर फिरली, थांबली आणि चेहऱ्यावर हसू आलं.

"मागे कोण? ताई ना?"

"हो. नीट वाचतंय ना?"

"वाचतंय. आता तुम्हीही निघा. पेपर माझा आहे."

बाई निमूटपणे बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं. तिसऱ्या परीक्षेत पहिल्यांदाच त्या खोलीत ऑपरेटरशिवाय दुसरं कुणी नव्हतं.