गाडीचा नंबर

माझा साडभाऊ अमरावतीत लोखंडी सळईचा धंदा करतो, मी अकोल्यात. धंदा त्यानं माझ्याकडे पाहूनच सुरू केला. आता त्याच्या दुकानाला काचेचं दार आहे आणि माझ्याच घरात उठता-बसता त्याचं कौतुक चालतं. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

एकदा दोघांनी एकाच व्यापाऱ्याकडून माल घेतला. ट्रकही एकच. अर्धी सळई माझ्याकडे उतरली, अर्धी अमरावतीला गेली. पुढे तो व्यापारी बोगस निघाला. त्याच्या पत्त्यावर पानटपरी होती. जीएसटी खात्यानं आमचीही बिलं खोटी ठरवून कराची वजावट नामंजूर केली. नोटीस त्यालाही आली हे ऐकलं आणि, देवाशप्पथ, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

दोघंही नागपूर खंडपीठात गेलो. त्याच्या वकिलानं ट्रकच्या टोलच्या पावत्या दाखवल्या. माझी पाळी आली तर सरकारी वकील म्हणाले, "यांची सळई स्कूटरवरून आली, साहेब." सगळं कोर्ट हसलं. झालं असं होतं, की माल वाहतुकीचं ऑनलाइन ई-वे बिल भरताना माझ्या मुनीमानं फोनवर विचारलं, "भाऊ, गाडीचा नंबर सांगा." आमच्याकडे गाडी म्हणजे आपली स्वतःची गाडी! मी जेवता जेवता माझ्या स्कूटरचा नंबर सांगून मोकळा झालो.

त्याच्यावरचा आदेश कोर्टानं रद्द केला. माझं प्रकरण मात्र अधिकाऱ्याकडे परत पाठवलं: माल खरंच आला हे दाखवा. नाही दाखवलं तर दुकान विकायची पाळी येणार होती.

बायको म्हणाली, "अमरावतीले फोन लावा ना. कावून अडून राहिले?"

"मरीन, पण लावणार नाही."

तिनंच लावला.

सुनावणीला तो स्वतः आला. ट्रक दिसला की गॉगल घालून त्याच्यापुढे फोटो काढायची त्याला भारी खोड. मी त्यावरून त्याची टर उडवायचो. माल उतरला त्या दिवशी तो ट्रकसोबतच अकोल्याला आला होता. त्यानं अधिकाऱ्यांपुढे ठेवलेल्या फोटोत त्याच्या मागे माझं दुकान, ट्रकचा नंबर आणि उतरणारी सळई, सगळं स्वच्छ दिसत होतं.

अधिकारी मला म्हणाले, "साक्षीदार विश्वासाचा आहे, असं तुमच्या हातानं लिहून द्या."

मी पेन धरून बसलो.

"लिहा ना भाऊ," साडभाऊ म्हणाला, "कायचा विचार करून राहिले?"

लिहिलं, 'माणूस सच्चा आहे.' जन्मात पहिल्यांदा त्याच्याबद्दल चांगला शब्द काढला, तोही सरकारी कागदावर, सहीनिशी. आणि तो शब्द खरा होता, याचाच जास्त राग आला.