चपला आमच्या हद्दीत

विषय : पोलीस ठाण्यांची फेररचना व जनतेचे सहकार्य.
संदर्भ : बंदराजवळच्या ठाण्यातील नागरिक समितीच्या बैठका.

वरील विषयास अनुसरून सादर करतो की, निवृत्त कारकुनाकडे फायली यायच्या थांबतात आणि किस्से साठू लागतात. निपटारा त्यांचाही होत नाही.

समितीत मला घेतले ते अक्षर बरे म्हणून. पहिल्याच बैठकीत ठाण्याचे साहेब म्हणाले, "पोलीस हा तुमचा मित्र आहे!"

मासळीचे व्यापारी खलीलभाई म्हणाले, "साहेब, मित्र घरी आला की शेजारी खिडकीत गोळा होत नाहीत!"

*

सहकार्य वाढावे म्हणून दारात सूचनापेटी लागली. तेवढ्यात फेररचना आली आणि पेटी सांभाळणारे हवालदार बदलून खेडला गेले. सोबत चावीही गेली.

मी लेखी सूचना केली, 'चावी मागवावी.'

नवे हवालदार म्हणाले, "काका, पेटीत टाका!"

*

फेररचनेत बंदराचीही वाटणी झाली. धक्का आमच्या ठाण्याकडे, पाणी सागरी ठाण्याकडे.

खलीलभाईंनी विचारले, "आणि उधाणाला पाणी धक्क्यावर आलं तर?"

साहेबांनी चहा मागवला.

*

मग मिरकरवाड्यातल्या सुमनचा नवरा नाहीसा झाला. यशवंत, ट्रॉलरवर खलाशी. संध्याकाळी बोट बघून येतो म्हणून धक्क्यावर गेला, तो आलाच नाही. काठावर चपला तेवढ्या मिळाल्या.

आमचे ठाणे म्हणाले, "चपला आमच्या हद्दीत. माणूस पाण्यात गेला असणार, तिकडे जा."

सागरी ठाणे म्हणाले, "पडताना कुणी पाहिलं? नाही ना? मग तो अजून धक्क्यावरच!"

सुमन माझ्याकडे आली. "काका, तुम्ही लिवा. माजं बोलणं कोन ऐकत नाय."

मी अर्ज लिहिला : शोध घ्यावा. दोन्ही ठाण्यांत दिला. दोघांनीही शिक्का मारून पोच दिली. पोच देण्यात सहकार्य उत्तम!

*

पुढच्या बैठकीत सुमनचा सत्कार झाला. नवऱ्याच्या चपला स्वतःहून ठाण्यात जमा केल्या म्हणून! साहेबांनी शाल घातली, नारळ दिला. म्हणाले, "जनसहकार्याचा हा आदर्श!" टाळ्या झाल्या.

सुमन नारळ धरून उभीच राहिली.

"सायेब, ह्यो दर्याला देऊ, का ते परत येतील म्हणून देवाजवळ ठेवू?"

साहेबांनी चहा मागवला.

अर्ज प्रलंबित आहे.