कागदावर नसलेली लेक

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या एका जागी गुंतून कधीकधी त्यांचा घोस तयार होतो. स्कॅनमध्ये तो तुतीच्या फळासारखा दिसतो, असं आमच्या मॅडम सांगायच्या. मॅडम मेंदूच्या डॉक्टर. त्यांच्या संशोधनासाठी घरोघर जाऊन माहिती गोळा करणं हे माझं काम. तुती मला इंग्रजी शाळेतल्या एका बडबडगीतापुरतीच माहीत होती.

काही घरांत हा विकार पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. वडवणीजवळच्या एका वस्तीवर तसं घर होतं. वडील मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेले, थोरल्या मुलाला फिट येत. आई आणि दोन मुलं रेशीमकिडे पाळत. शेडमध्ये अळ्या तुतीची पानं खात होत्या. कुणी सावकाश कागद चुरगाळत बसावं तसा आवाज येत होता. मला तिथेच उभं राहून ऐकायचं होतं, पण प्रश्न विचारायचे होते.

अनोळखी माणसांशी बोलणं मला जड जातं, म्हणून मी कागदाच्या आड बसते. त्यावर घराची वंशावळ काढायची: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असला तर आत काळं.

"तुम्ही भावंडं किती?"

"दोघं," थोरला म्हणाला. मी दोन चौकोन काढले.

आई चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून बघत राहिली. "ही चौकटं कसली गं?"

"पुरुषांची, मावशी."

"आन् गोल?"

"बायकांचे."

"मग माझी लेक कुठं हाय?"

थोरला म्हणाला, "ती दिली न्हाई का कडा गावाला? आता ती त्यांच्या घरची."

"देताना डोकं काढून ठिवलं व्हतं का रे तिचं?"

धाकटा फिसकन हसला. मी मात्र आधीचे कागद चाळले. आधीच्या सगळ्या घरांत मी हाच प्रश्न विचारला होता. त्या कागदांवर चौकोनच जास्त होते आणि मला त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. ते सगळे नंतर मला पुन्हा करावे लागले.

थोरला हसला नाही. "लिहू नका, ताई. तिचा बी हात मधीच बधिर व्हतोय. घरात असला रोग हाय हे सासरी कळलं, तर आणून सोडतील तिला."

कागदावर नाव नसतं, फक्त नंबर असतो, असं मी सांगितलं.

"नुसता गोल?" आईने विचारलं.

"नुसता गोल."

"मग काढ."

लेकीला फोन आईनेच लावला. माझं डोकं तपासायचंय, बीडला सोबत ये, एवढंच बोलली.

ठरल्या दिवशी दवाखान्यात जावईही आला. सासू इतकं छान कण्हत होती की तो धावत जाऊन व्हीलचेअर घेऊन आला. खरं तर विकार वडिलांकडचा. त्या घरात आम्हाला तपासायला नको असलेलं डोकं तेवढं आईचंच. मायलेकी आत आल्यावर मी लेकीला सगळं समजावलं आणि सही तिची घेतली.

स्कॅनमध्ये दोन छोट्या तुती दिसल्या. मॅडम म्हणाल्या, आत्ता ऑपरेशन नको, पण तपासत राहायचं. फिट आली तर लगेच यायचं.

"फिट आली तर मला आणणार कोण?" तिने विचारलं.

तिने आईकडे बघितलं, मग स्वतःच उठून दार उघडलं.

"अवो, आत या. आईला काय झालं न्हाई. फोटू माझा हाय."

तो व्हीलचेअर ढकलत तसाच आत आला. "मग ही गाडी कुणासाठी आणली मी?"

"बसा की तुमीच, जावईबापू," सासू म्हणाली.

तो बसला नाही. संगणकाच्या पडद्याजवळ जाऊन त्याने ते दोन काळे ठिपके बराच वेळ बघितले. बायको भिंतीला टेकून त्याच्या पाठीकडे बघत होती.

"पुढची तारीख कवा हाय?" त्याने मॅडमना विचारलं.

मी कागद काढला आणि गोल काळा केला.