त्या ओळीला आवाज जातो

शनिवार, सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं. रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात इस्त्रीचा रोलर तापला आहे आणि त्याच्या तोंडाशी उभी असलेली बाई हिरवी चादर दोन कोपऱ्यांना धरून आत सोडते आहे. वय सत्तेचाळीस, नोकरी एकोणीस वर्षांची, उजव्या हातावर दोन जुने चटके. पाठीमागे सगळे तिला वाफबाई म्हणतात. आधी रोलरमुळे म्हणत, महिन्यापासून दुसऱ्या कारणानेही म्हणतात.

महिन्यापूर्वी तिला पत्र आलं. धुलाईखान्याच्या पर्यवेक्षकपदासाठी तिने तिसऱ्यांदा अर्ज केला होता. खुर्ची दोन वर्षं रिकामी होती आणि काम तीच करत होती. निवड समितीने खेद व्यक्त करून पुढील वाटचालीस शुभेच्छा दिल्या होत्या.

"पुढील वाटचाल," ती म्हणते. "धुण्याच्या मशीनपासून रोलरपर्यंत अकरा पावलं आहेत. त्याच्या पुढे भिंत आहे."

कारण तोंडी कळलं: बोलणं उग्र आहे. ते तिने नाकारलं नाही. मुलाखतीला तिघं होते. एकाने तिचा अर्ज उलटा धरला होता, दुसरा फोनवर होता. तिसऱ्याने विचारलं, दबावाखाली काम कराल का? "साहेब," ती म्हणाली, "दबावाचा काटा माझ्या नाकासमोर बसवलाय, एकोणीस वर्षं बघतेय." कोणी हसलं नाही.

रविवारी साडेनऊच्या उपासनेला ती चर्चच्या डावीकडच्या चौथ्या बाकावर बसते, शेजारी नणंद. पत्रानंतरच्या रविवारी प्रभूची प्रार्थना सुरू झाली, लहानपणापासून तोंडपाठ असलेली. दुसऱ्यांकडचं ऋण आम्ही सोडलं तसं तू आमचं सोड, अशा अर्थाची ओळ आली आणि तिने तोंड मिटलं. पुढच्या ओळीला उघडलं. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी तेच.

"वहिनी, त्या ओळीला तुमचा आवाज कुठं जातो?" घरी जाताना नणंदेने विचारलं.

"घशात अडकतो."

"बाकीची प्रार्थना तर खणखणीत निघते."

"बाकीची खरी आहे म्हणून."

नणंदेच्या तोंडात तीळ भिजत नाही. या बुधवारी पाळकसाहेब घरी आले, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, यातही देवाची काही योजना असेल.

"पाळकसाहेब, देव त्या समितीत नव्हता. तिघंच होते, मी मोजले."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग त्याच्याशी भांडता का?"

"रोज. रोलरसमोर उभी राहून."

"तो काय म्हणतो?"

"ऐकून घेतो. समितीपेक्षा बरा."

"मग भांडत राहा," ते म्हणाले. "ती ओळ खोटी वाटत असेल तर म्हणू नका. फक्त बाक रिकामा ठेवू नका." दारात चपला घालताना त्यांनी आणखी एक सांगितलं: ऋण नेमकं कोणाकडे आहे, ते एकदा नीट बघा. या वाक्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला, कारण ते बरोबर ठिकाणी लागलं होतं.

नवी पर्यवेक्षक एकोणतीस वर्षांची, पदविका घेतलेली, भांडारातून आलेली. "तिला जरा दाखवून द्या," व्यवस्थापक वाफबाईला म्हणाले होते. तिने दाखवलं: बटणं, किल्ल्या, नोंदवह्या. एक गोष्ट दाखवली नाही. शस्त्रक्रियेच्या जाड चादरी मशीनच्या वेळांच्या तक्त्यात लिहिल्याप्रमाणे अठरा मिनिटं ड्रायरमध्ये ठेवल्या तर कडक होतात, मग रोलरने सुरकुती मोडत नाही. अकराव्या मिनिटाला काढायच्या असतात. हे कुठेही लिहिलेलं नाही. "त्यांना पदविका हवी होती ना," ती नणंदेला म्हणाली. "मग पदविकेला विचारा म्हणावं."

पाळकसाहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, शस्त्रक्रिया विभागाने बासष्ट चादरी परत पाठवल्या. दुसऱ्यांदा. व्यवस्थापक खाली आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, हे कोणामुळे?

"माझ्यामुळे," नवी पर्यवेक्षक म्हणाली. "तक्ता बघूनच केलं. पण माझ्यामुळे."

पुन्हा झालं तर भांडारात परत जायचं, असं तिला सांगण्यात आलं. म्हणजे आणखी एक कडक गठ्ठा, आणि खुर्ची पुन्हा रिकामी. वाफबाईने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्याचा तिला महिन्याभराचा सराव होता.

शुक्रवारी सकाळी ड्रायरमध्ये चाळीस चादरी फिरत होत्या. अकराव्या मिनिटाला तिने मशीन बंद केलं.

"इकडे या. बाही वर करा." तिने गठ्ठ्याच्या मधली चादर ओढून नव्या पर्यवेक्षक मुलीच्या हातावर टाकली. "गार लागते?"

"जराशी."

"म्हणजे थोडी ओल आहे. मग काढायची. गरम लागेपर्यंत थांबलात की मेलं."

मुलीने चादर हातावर तशीच धरून ठेवली. "मावशी, हे आधी का नाही सांगितलं?"

"राग होता."

"माझ्यावर?"

"तुम्ही समोर होतात."

"आणि आता?"

"आताही आहे. पण तुमच्याकडे माझं काही येणं नाही. त्या तिघांकडे आहे, आणि ते मी सोडलेलं नाही."

जेवणाच्या सुट्टीत ती वर गेली. अर्ज हाताने लिहिलेला, चार ओळींचा: नव्या पर्यवेक्षकाला काम मी शिकवते, तर प्रशिक्षक म्हणून माझी लेखी नेमणूक व्हावी. व्यवस्थापक म्हणाले, बघू. "बघा," ती म्हणाली आणि टेबलापाशी उभी राहिली. पोच घेतल्यावरच खाली आली.

संध्याकाळी नणंदेने विचारलं, "मग रविवारी आवाज निघणार का?"

"एकीपुरता निघेल. तिघांपुरता नाही."

आज शनिवारी रोलरमधून चादरी सपाट बाहेर पडताहेत आणि पलीकडच्या टोकाला नवी पर्यवेक्षक घड्या घालते आहे. उद्या वाफबाईची पाळी सहाची आहे आणि उपासना साडेनऊची. दर रविवारी तिच्या जागी उभी राहणारी बाई रजेवर आहे. भिंतीवरच्या पाळ्यांच्या तक्त्यात उद्याच्या तारखेपुढे, नऊ ते साडेअकरा, रोलर, या रकान्यात नव्या पर्यवेक्षकाची सही आहे.